महसूल मंत्र्यांना खुलं पत्र: तो लाल रुमाल सोडू द्या

मा. महसूल मंत्री, कर्नाटक सरकार,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बेळगावचा, वय 69. सोमवारी परत एका सरकारी रेकॉर्ड रूममधून किर्लोस्कर घराण्याचे जुने कागद न बघताच हात हलवत घरी आलो म्हणून हे लिहितोय.

लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर सगळ्यांना ठाऊक आहेत. 1869 ला आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले, 1903 ला नांगर केला. पण माणूस एकटा थोडाच मोठा होतो? मुंबईत मास्तरकी करताना त्यांनी सायकल बेळगावला धाडली ती भावाला, रामुअण्णांना, आणि रामुअण्णा इथं 15 रुपये घेऊन लोकांना सायकल शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स मधले ब्रदर्स कोण हे आज बेळगावात विचारून बघा, किती जण सांगतात. दुसरे भाऊ वासुदेवराव, त्यांचं नाव तर मुलाच्या, 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर म्हणजे शंवाकिंच्या 'वा' मध्ये तेवढं उरलंय. बहिणींचं काय, कुठल्या गावी दिल्या, वडील काशिनाथपंतांच्या मागं घराची वाटणी कशी झाली, हे मी चार वर्षं शोधतोय.

मला मोडी येते, आजोबांनी शिकवली. दिवाळीआधी तिथल्या क्लार्कनं एक लाल रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडला, वरच्या कागदाची कड कसरीनं खाल्लेली, आणि तिसऱ्या ओळीत 'किर्लोसकर' असं मी बोट ठेवून वाचलं. पुढची ओळ वाचायच्या आत रुमाल बांधला. म्हणाले, दिवाळीनंतर या, परमिशन काढून ठेवतो. त्यानंतर चार का पाच खेपा झाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, लिफ्ट बंद, तीन जिने कठडा धरून चढायचे, वर गेलं की साहेब मीटिंगला. आणि सोमवारी नवीन माणूस म्हणतो तसला रुमालच नाही, आणि अर्ज कन्नडमधून लिहून आणा. माझा मराठी अर्ज घडी घालून माझ्याच खिशात कोंबला, साहेब, माझ्या खिशात!

घटनेचं 350 वं कलम वाचलंय का कुणी तिथं? गाऱ्हाणं राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मी कन्नड चांगलं बोलतो, शेजारपाजार कन्नडच आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही, लक्ष्मणराव त्यांचेही तेवढेच. भांडण आहे ते 1956 पासून आम्हाला परक्यासारखं वागवणाऱ्या कारभाराशी, उतारा मागा, दाखला मागा, आधी भाषा विचारतात. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर कसर कागद खायची थांबणार आहे का? आणि पलीकडचे पुढारीसुद्धा निवडणुकीपुरते आमचे, कागदासाठी एकजण जिना चढला नाही.

ठळकवाडीची जागा नगरपालिकेला पाहिजे झाली म्हणून कारखाना इथून उठला. औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं, 10 हजार कर्ज दिलं, आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, निदान त्यांच्या घरच्यांची नावं तरी इथं राहू द्या.

मला पैसे नकोत, सत्कार नको. एक दिवस तो रुमाल सोडून द्या, तुमचा माणूस समोर बसवा, मी वाचून मराठीत उतरवून देतो, कन्नडमधूनही देतो, फुकट. पण लवकर करा. ज्या रॅकवर तो रुमाल होता त्याच्या वरच्या खिडकीची काच फुटलीय, मी स्वतः बघितलंय, आणि आमच्याकडं जूनला पाऊस लागला की महिना महिना उघडत नाही.

आपला,
बेळगावचा एक नागरिक