बाई, खाकी कव्हरातल्या त्या पुस्तकांसाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या हाती न देता सगळ्यांसमोर लिहितेय. महाराष्ट्राचं एकोणिसावं शतक अभ्यासणाऱ्या कितीतरी जणांना तुम्ही मला दिलेलं वाचन उपयोगी पडेल, आणि तुम्ही स्वतःहून ते कुणाला सांगायला जाणार नाही.

मी तुमच्याकडे आले ती एका ओळीपायी. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे स्कॉटलंडहून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या, शाळेत शिकले, ही ती ओळ. ती शाळा चालवणारी माणसं कोण, मायदेशातून कोणते वाद मनात घेऊन आली होती, एवढंच मला हवं होतं. तुम्ही एडिनबरात शिकत असताना जमवलेली पुस्तकं कपाटातून काढलीत, कोणतं आधी आणि कोणतं नंतर तेही एका कागदावर लिहून दिलंत. पुस्तक उसनं देणारे भेटतात. क्रम लावून देणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

तुमच्या यादीत पहिल्यांदा ना स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स होता, ना धर्मावर शंका घेणारा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम. पहिलं होतं मार्गो टॉड यांचं २००२ सालचं पुस्तक, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतरच्या स्कॉटलंडमधल्या गावोगावच्या मंडळींवरचं, म्हणजे एकेका चर्चच्या उपासकांवरचं. तिथे प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, पाळक (चर्चचा धर्मगुरू) आणि ‘वडील’ (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) मिळून ‘कर्क सेशन’ ही बैठक भरवायचे आणि त्याचं इतिवृत्त लिहून ठेवायचे. रविवारी दारू कोण प्यालं, शेजारणीची बदनामी कुणी केली, कोणाला भर उपासनेत पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवलं, सगळं त्यात आहे. वाचताना मला वाळीत टाकणारी आपली गावकी आठवत होती. पण पुढच्याच पानांवर तेच वडील अनाथ पोराच्या खर्चाचं बघतात, भांडलेल्या शेजाऱ्यांचा समेट घडवून आणतात. तिथे समासात तुमची पेन्सिल: ‘दोन्ही एकाच वहीत!’ त्या तीन शब्दांनी मला इतिहास कसा वाचायचा ते शिकवलं.

आणि तो शिशाचा बिल्ला. कापसात गुंडाळून ठेवलेला तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात: नखाएवढा, कडा झिजलेल्या, वर पॅरिशचं एक अक्षर आणि साल. ज्याची श्रद्धा आणि वागणूक वडिलांनी तपासून पास केली, त्यालाच असा बिल्ला मिळायचा आणि तो दाखवूनच प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, बसता यायचं. शिस्त, मान आणि धाक, तिन्ही त्या शिशात आहेत.

तुमच्या कागदावर १६९६ आणि १६९७ ही दोन सालं एकाच कंसात होती. १६९६ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा हवी आणि खर्च जमीनमालकांनी उचलायचा. काही महिन्यांतच, ८ जानेवारी १६९७ रोजी, एडिनबरा विद्यापीठाच्या थॉमस एकनहेड या जेमतेम विशीतल्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेसाठी फाशी दिलं. गुन्हा काय, तर मित्रांमध्ये बोललेलं. पोरांना वाचायला शिकवणारा समाज आणि वाचून बोललेल्या पोराला फासावर चढवणारा समाज एकच होता. त्यापुढे ह्यूम आला तेव्हा तो नीट कळला. १७४५ मध्ये त्याला एडिनबराची प्राध्यापकी नाकारली गेली. दहा वर्षांनी स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत, म्हणजे त्याच्या सर्वोच्च सभेत, त्याच्या लिखाणाचा निषेध करायचा प्रयत्न झाला, आणि तो हाणून पाडणाऱ्यांत त्याचे पाळक मित्रच होते. त्यांच्यातला विल्यम रॉबर्टसन पुढे विद्यापीठाचा प्राचार्य झाला. त्याचं शेवटचं पुस्तक, १७९१ चं, प्राचीन लोकांना भारताविषयी काय ठाऊक होतं यावर आहे. हा माणूस भारतात कधी आलाच नव्हता.

मग १८४३. गावाचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा वाद शतकभर धुमसत होता. १८ मे रोजी पाळकांचा एक गट थॉमस चामर्स या पाळकासोबत महासभेतून बाहेर पडला, आणि एकूण साडेचारशेच्या आसपास पाळकांनी जुनं चर्च सोडून ‘फ्री चर्च’ हे वेगळं चर्च उभं केलं. पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारतही गेली. स्ट्रॉन्शियन या स्कॉटलंडमधल्या गावात नव्या मंडळीला जमीनदार जागा देईना, तेव्हा लोकांनी लोखंडी तरंगतं चर्च बनवून घेतलं आणि १८४६ मध्ये लॉख सुनार्ट या खाडीत नांगरलं. शंभर माणसं आत आली की ते इंचभर खाली जायचं म्हणतात, म्हणजे किनाऱ्यावरून उपस्थिती मोजता येत होती! हा प्रसंग तुम्ही सांगताना तुमचा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा.

भारतातले स्कॉटलंडच्या चर्चचे मिशनरीही बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने गेले. कोलकात्यात अलेक्झांडर डफ यांना उभी केलेली संस्था सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. मुंबईत जॉन विल्सन, पुण्यात जेम्स मिचेल, दोघेही फ्री चर्चचे झाले. म्हणजे जोतीराव शाळेत असतानाच, सत्ता आणि जमीनदारी यांच्यापुढे मंडळीचा हक्क मोठा की लहान, यावर त्यांच्या शिक्षकांचं चर्च दुभंगलं होतं.

इथे मी उत्साहाने बरंच काही जोडू पाहत होते. तुम्ही थांबवलंत. या फुटीचा त्या विद्यार्थ्यावर परिणाम झाला असं म्हणायचं असेल तर कागद दाखव, नाहीतर दोन्ही गोष्टी शेजारी ठेव आणि वाचकाला बघू दे, असं तुम्ही म्हणालात. माझ्या निबंधातलं ते पान आता तसंच आहे. तेच मला सगळ्यात आवडतं. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचत नाही, म्हणून साधंच लिहिते: मनापासून आभार, बाई.

टॉड यांचं पुस्तक नवीन खाकी कव्हर घालून रविवारी आणते. जॉर्ज डेव्ही यांचं स्कॉटिश विद्यापीठांवरचं पुस्तक मात्र एवढ्यात मागू नका, अर्धंच झालंय. आणि तुमच्या कागदाच्या तळाशी ‘नागपूर, हिस्लॉप’ एवढंच लिहिलंय, पुढे पुस्तक नाही. ते रविवारी सांगा.

तुमची विद्यार्थिनी