आधी स्वतःच्या हातावर

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. स्कार्फ बांधून येणारी कोण, हे मात्र तुम्ही लगेच ओळखाल.

आभार कधीच मानायचे होते, पण आधी राग निवळू दे म्हणत राहिले. तो पुरता निवळलेला नाही, तेव्हा आधी तोच बोलून टाकते.

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते तेव्हा मला झोप नव्हती, भूक नव्हती, अंगात त्राण नव्हतं. कुणालाही सांगितलं की उत्तर ठरलेलं: "एवढं मोठं आजारपण, असं होणारच." झोप केमोमुळे गेली, थकवा रक्त कमी आहे म्हणून. आजाराच्या नावावर सगळं खपून गेलं. सकाळी डोळे उघडल्यावर 'आजही उघडलेच' असं वाटायचं, ते कुणी विचारलंच नाही. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी दोन मिनिटांत फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी लिहून दिली. फाईलच्या पहिल्याच पानावर टॅमॉक्सिफेन, माझं कॅन्सरचं औषध, लिहिलेलं होतं! टॅमॉक्सिफेनचं अंगात गेल्यावर कामाच्या रूपात रूपांतर करणारं जे एन्झाइम यकृतात असतं, त्यालाच फ्लुओक्सेटिन अडवतं. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या ते नजरेस पडलं म्हणून निभावलं. नंतरच्या एका गोळीने नुसती मळमळ, दुसरीचा काही उपयोगच नाही. मग टीएमएसचा, म्हणजे डोक्यावर चुंबकीय कॉइल टेकवून नैराश्यावर करायच्या उपचाराचा, विषय निघाला आणि "मेंदूला शॉक देणार" म्हणून घरात रडारड.

अशा अवस्थेत मी तुमच्या खुर्चीत येऊन बसले. डोक्यात धातूची क्लिप आहे का, कानात इम्प्लांट आहे का, कधी फिट आली होती का, सगळं विचारून झालं. तुम्ही कॉइल उचललीत. मला वाटलं, आली आता डोक्यावर. तुम्ही बाही वर सारलीत आणि ती स्वतःच्याच हातावर, कोपराच्या जरा खाली टेकवलीत. टक्. तुमची दोन बोटं आपोआप उडाली. पुन्हा टक्, पुन्हा उडाली. "बघा, माझीच बोटं माझं ऐकत नाहीत," म्हणून हसलात. मग विचारलंत, "तुमच्या हातावर करू?" आणि मी हो म्हणेपर्यंत थांबलात.

ताई, त्याआधी कितीतरी महिने माझं शरीर म्हणजे सगळ्यांचं सामान होतं. मान वळवा, श्वास धरा, हात वर. केमो कुणी स्वतःवर करून दाखवू शकत नाही, एवढं मला कळतं. पण सुई टोचण्याआधी "टोचू का?" विचारायला काय लागतं? त्याला ना यंत्र लागतं ना पदवी. चांगुलपणा बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि एवढाही मिळत नाही म्हणून माणसं दवाखान्याच्या पायरीवर बसून रडतात.

मग स्कार्फ काढायची वेळ आली. तुम्ही टेपने डोकं मोजलंत, टोपीवर खुणा केल्यात, पेनाने माझं नाव लिहिलंत. कॉइल डोक्याला टेकवून माझा अंगठा हलेपर्यंत ताकद हळूहळू वाढवलीत. कॉइलमधल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात अगदी छोटा प्रवाह तयार होतो, भूल लागत नाही, फिट आणली जात नाही, हे तुम्ही घरच्यांनाही बसवून समजावलंत. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी हे तंत्र 1985 मध्येच दाखवलं आणि अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला 2008 मध्ये मान्यता मिळाली, हेही तुमच्याचकडून कळलं. पहिले काही दिवस डाव्या कपाळावर सुतारपक्षी बसल्यासारखं वाटायचं आणि डोकं दुखायचं. तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.

मला सगळ्यात पटलं ते तुमचं खरं बोलणं. गोळ्यांनी गुण न आलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळ्यांना नाही; आणि मोठे आजार असलेल्यांना या उपचाराच्या अभ्यासांतून बहुतेकदा वगळतात, त्यामुळे माझ्यासारखीबद्दल छातीठोकपणे काही सांगता येत नाही, म्हणालात. हमी देणारे खूप भेटले होते. तुम्ही दिली नाहीत, म्हणून रोज आले.

फरक पडला तो आधी रागातून. शेजारचं ड्रिल मशीन दुपारभर चालू होतं आणि मी चक्क जाऊन भांडले. घरचे घाबरले. मला मात्र बरं वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी कशाने तरी काहीतरी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आधी विचारलंत, "जिंकलात का?"

कॅन्सर आहे तिथे आहे. तपासण्या चालू आहेत, रिपोर्टच्या आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही. पण ती भीती आहे, आणि भीतीशी मला बोलता येतं. नैराश्य परत येऊ शकतं हे तुम्ही सांगितलंय. आलं तर मी सरळ तुमच्याकडे येईन, कुणाच्या "असं होणारच"साठी थांबणार नाही. तोवर ती टोपी टाकू नका, आणि नावातली वेलांटी चुकलीय तेवढी दुरुस्त करा.

तुमची,
स्कार्फवाली