विषय : निकामी डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) विकून वडिलांचा फोटोंचा रोल वाया घालवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी मी बोलत असतानाच तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

कृष्णधवल फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या तुमच्या डेव्हलपरचं पाकीट फोडलं तेव्हा पावडर तपकिरी निघाली. त्यातली मेटॉल-हायड्रोक्विनोनची पावडर हवा लागून खराब झाली की तपकिरी पडते, हे मी तुम्हाला शिकवायला नको. तरी पाण्यात घालण्याआधी मी फोन केला. "रंग असाच असतो मॅडम, बिनधास्त वापरा." द्रावण कोऱ्या चहासारखं झालं, तेव्हा परत विचारलं. उत्तर तेच.

रोल बाबांचा होता. ऑर्वो कंपनीचा कृष्णधवल एनपी २२, ३५ मिलिमीटरचा. पुडीवर त्यांच्या अक्षरात 'चाळ, गणपती, १९७९'. नौपाड्यातली ती चाळ पाडली, बाबाही गेले. घरी तिचा एकही फोटो नाही. रोल धुण्याचा टँक बर्फाच्या पाण्यात ठेवून द्रावण २० अंशांवर राखलं, कारण ठाण्यात मे महिन्यात नळाला तेवढं गार पाणी येत नाही. रोल धुऊन बाहेर काढला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार कोरा.

मग तुमच्या 'तांत्रिक तज्ज्ञां'शी झालेलं बोलणं. आधी म्हणाले, फिल्म जुनी आहे. मी म्हटलं, जुन्या फिल्मवर फॉग चढतो, ती काळवंडते, कोरी होत नाही. मग म्हणाले, फिक्सर, म्हणजे डेव्हलपरनंतर वापरायचा हायपो, बिघडला असेल. फिक्सर बिघडला तर फिल्म दुधी राहते, ही स्वच्छ झाली आहे. थोडा वेळ शांतता. मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या वडिलांनी कॅमेऱ्यात रोल नीट भरला होता का? फोटो काढले होते हे कशावरून?"

माझ्या बाबांबद्दल हे विचारायचं! अहो, रोलचं तोंड कॅमेऱ्यात भरतानाच उजेडात येतं. बाबांनी एकही फोटो काढला नसता तरी ते काळंकुट्ट व्हायला हवं होतं. काठावरचे आकडे आणि कंपनीचं नाव तर कारखान्यातच उजेडाने छापलेलं असतं. तेही उमटलं नाही. ही एवढी गोष्ट तुमच्या तज्ज्ञांना माहीत नसेल तर त्यांना फोनवर कशाला बसवता? हे सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवला. वडिलांच्या हातावर संशय घेतला आणि फोन ठेवला.

नंतर नव्या फिल्मचा तुकडा दिव्याखाली धरून तुमच्या उरलेल्या द्रावणात बुडवला. ढिम्म. तसाच तुकडा दुसऱ्या डेव्हलपरमध्ये बघता बघता काळा झाला. दोन्ही तुकडे आणि ते तपकिरी द्रावण मी जपून ठेवलं आहे.

"पाकीट बदलून देतो" असं तुमच्या ईमेलमध्ये आहे. पाकिटाचं मी काय करू? ज्यांत चित्र होतं ते फिल्मवरचे चांदीचे क्षार हायपोने विरघळवून नेले. आता कुठल्याही डेव्हलपरने ती चाळ दिसणार नाही.

पाकिटावर उत्पादनाचा महिना-वर्षही नाही. आवेष्टित वस्तू नियम, २०११ तुम्हाला लागू नाहीत का? घरी रोल धुणाऱ्यांसाठी कुणीतरी रसायनं विकतंय याचं मला कौतुक होतं, चार ओळखीच्यांना तुमचं नाव मी सांगितलं होतं. त्या चौघांनाही आता हे सगळं सांगितलं आहे.

मला हवं ते असं : या बॅचची विक्री आजच थांबवा, ज्यांनी ती घेतली त्या प्रत्येकाला रोल टँकमध्ये घालण्याआधी कळवा आणि त्या तज्ज्ञांची लेखी माफी पाठवा. नुकसानभरपाई किती, ते ग्राहक आयोगापुढे बोलू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. तुमचं उत्तर लेखी आलं नाही तर ती दाखल होईलच. आणि आता मला फोन करू नका.

तुमची एक ग्राहक,
नौपाडा, ठाणे