शोधसूची बंद नको, आवरती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुरू केल्यावर संगणक बराच वेळ मंद चालत असेल, तर पार्श्वभूमीवर फाइलींची सूची करणारी इंडेक्सिंगची सेवा सरळ बंद करावी, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात नुकताच वाचला. हाच सल्ला तीन वर्षांपूर्वी मीही ऐकला, अमलात आणला आणि आठ महिन्यांनी गुपचूप मागे घेतला. त्या अनुभवावरून चार शब्द लिहीत आहे.

जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तसेच हे काम आहे. फाइलीचे नाव, तारीख आणि कित्येक प्रकारांत आतला मजकूरही एकदा वाचून ठेवल्यामुळे पुढे एखादा शब्द शोधताना प्रत्येक फाइल नव्याने उघडावी लागत नाही. मग ही धावपळ नेमकी संगणक सुरू झाल्यावरच का होते? विंडोजमधली ही सेवा मुद्दाम थोडी उशिरा सुरू होते आणि आपण कीबोर्ड-माउस वापरत असलो की आपला वेग कमी करते. म्हणजे तिला खरा वाव मिळतो तो संगणक चालू, पण रिकामा असताना. आपण मात्र शेवटची फाइल साठवली की लगेच संगणक बंद करतो. ही सवय एरवी चांगलीच, पण तिच्यामुळे सूचीचे राहिलेले काम दुसऱ्या दिवशी सकाळच्या माथी येते, आणि त्याच वेळी अँटिव्हायरस, मेल व अपडेट हेही डिस्कपाशी रांग लावून उभे असतात.

डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल तर हाल विचारू नयेत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडीसुद्धा इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या फाइलींची वाचने सेकंदाला जेमतेम शंभरएक करू शकते. फिरते भाग नसलेली एसएसडी डिस्क तीच हजारोंनी करते. त्यामुळे एकाच सूचीकामाचा एका संगणकावर पत्ताही लागत नाही आणि दुसऱ्यावर साधा फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागतो.

माझा व्यवसाय भाषांतराचा आहे आणि जुन्या कामात एखादी संज्ञा आपण कशी वापरली होती, हे दिवसातून दहा वेळा पाहावे लागते. सेवा बंद केल्यावर सकाळचा त्रास कमी झाला खरा, पण एक शब्द शोधायला टाकून चहा करून यावे, तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच सरकलेली दिसे. मेलमधला शोधही याच सूचीवर विसंबून होता, हे तर जुने पत्र सापडेना तेव्हा कळले.

सेवा पुन्हा सुरू केल्यावर मी टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कोणता प्रोग्राम संगणकावर किती भार टाकतो हे दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, ‘डिस्क’च्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावली. पहिला धक्का असा, की निम्मा भार अँटिव्हायरसच्या रोजच्या तपासणीचा होता. ती मी दुपारच्या वेळेवर ढकलली. दुसरा धक्का सूचीत काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या, विंडोजमधल्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये बसला. तिथे सूचीतल्या नोंदींचा आकडा पाच लाखांच्या वर होता, आणि साधारण चार लाखांपुढे कामगिरीवर परिणाम दिसू लागतो, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. माझे लेखन एवढे नाही! ‘डॉक्युमेंट्स’मध्ये बॅकअपच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती आणि कधीकाळी उतरवून ठेवलेल्या वेबपानांचे असंख्य तुकडे साठले होते. ‘मॉडिफाय’ बटणातून त्या फोल्डरांवरच्या खुणा काढल्या आणि आकडा चाळीस हजारांच्या आत आला. ‘ॲडव्हान्स्ड’मधल्या फाइल प्रकारांच्या यादीत ज्यांचा आतला मजकूर कधीच शोधावा लागत नाही, त्यांच्यापुरते केवळ गुणधर्म (नाव, तारीख वगैरे) नोंदवण्याचा पर्याय निवडला.

‘रिबिल्ड’च्या बटणाबद्दल मात्र सावध करतो. ते जुनी सूची पुसून सगळे काम पहिल्यापासून करायला लावते; उपाय म्हणून दर आठवड्याला ते दाबणारे लोक मी पाहिले आहेत आणि आपला संगणक सतत मंद का, हा त्यांचा प्रश्नही ऐकला आहे. फोल्डरांची छाटणी झाल्यावर एकदाच ते दाबावे आणि संगणक रात्रभर चालू ठेवावा. विंडोज १० मध्ये २०१९ पासून ‘क्लासिक’ आणि ‘एनहान्स्ड’ असे दोन पर्याय आहेत. त्यांतला दुसरा जवळपास सगळा संगणक धुंडाळतो, तेव्हा तबकडीच्या डिस्कवर पहिलाच राहू द्यावा.

मॅकवर स्पॉटलाइट या शोधसेवेच्या सेटिंगमध्ये फोल्डर वगळता येतात. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपच्या बलू नावाच्या सूचीसेवेलाही तसेच सांगता येते. मात्र तिथे फाइलींच्या नावांची वेगळी यादी करणारे ‘अपडेटडीबी’ हे रोजचे काम संगणक बंद असल्याने चुकले, तर ॲनाक्रॉनसारखी वेळापत्रक सांभाळणारी व्यवस्था संगणक सुरू झाल्यावर ते उरकून घेते, त्यामुळे संशय भलत्यावरच जाऊ शकतो.

ज्यांना फाइलींत कधीच काही शोधावे लागत नाही, त्यांनी सेवा खुशाल बंद करावी. इतरांसाठी त्या सदरात ‘सेवा बंद करा’ या वाक्याच्या आधी टास्क मॅनेजर आणि ‘मॉडिफाय’ या दोन पायऱ्या छापाव्यात, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक भाषांतरकार वाचक