मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांस खुले पत्र: नागपूरला फायबरचे पुतळे नकोत, कारागीर हवेत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येता, तेव्हा सवड काढून विधान भवनाजवळचा अजब बंगला एकदा पाहावा. 1863 साली सुरू झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयावर आम्हा नागपूरकरांचा जीव आहे. पण तिथल्या वस्तू कोणी, कशा घडवल्या, हे पाहायला मिळत नाही. नवीन संग्रहालय म्हटले की आपल्याकडे आधी इमारतीचे टेंडर निघते, मग फायबरचा शेतकरी आणि फायबरची बैलजोडी येते.

मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना कनेक्टिकटमधले मिस्टिक सीपोर्ट हे सागरी संग्रहालय पाहिले. 1929 सालची ही संस्था. जुन्या बंदरांतली दुकाने, लोहारशाळा, दोर वळायची लांबच लांब शेड, सगळे ठिकठिकाणांहून आणून नदीकाठी वसवले आहे. धक्क्याला 1841 चे ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे व्हेलच्या शिकारीचे लाकडी जहाज उभे आहे. गर्दी त्यावरच असते. मी मात्र पिंपे बनवणाऱ्याच्या दुकानातच रेंगाळलो.

व्हेलचे तेल लाकडी पिंपांतून यायचे, म्हणून अशा जहाजावर पिंपवाला लागेच. निघताना जागा वाचावी म्हणून फळ्या सुट्या करून, गठ्ठे बांधून न्यायच्या. तेल निघेल तसतशी पिंपे उभी करायची. हे सांगता सांगता त्या माणसाचे काम चालूच होते. रंधा उलटा, जागचा हलत नाही. फळीच त्याच्यावरून सरकवायची. पिंप गोल, म्हणून फळीची कड किंचित तिरकी तासायची. खिळा नाही की सरस नाही, नुसत्या कड्यांनी आवळलेले. एका बाईंनी विचारले, गळत नाही का? तो म्हणाला, ओले झाले की लाकूड फुगते आणि फटी मिटतात. शिकार निर्दय होती, हेही तिथे कोणी लपवत नाही.

ते जहाज 2008 पासून सुमारे पाच वर्षे संग्रहालयाच्याच गोदीत दुरुस्त झाले आणि 2014 मध्ये पुन्हा समुद्रावर गेले. संग्रहालयाच्या नोकरीत जहाजाचे सुतार होते, म्हणून हे जमले.

नागपूरला कुठला आला समुद्र, असे आपले सचिव विचारतील. तसे पाहिले तर 1751 ते 1803 ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता, बालासोरच्या बंदरासकट! पण मला जहाज नकोच आहे. भंडारा-गोंदियाची मालगुजारी तळी, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातली सिंचनाची तळी, आहेत, वैनगंगा आहे, डोंगा चालवणारा आणि जाळे विणणारा ढिवर आहे. नागपूरचा कोष्टी, म्हणजे विणकर, आहे. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 मध्ये आली आणि बंदही पडली, हातमाग तिच्या आधीपासूनचा. सुपे-टोपल्या विणणारा बुरूड आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तर घरोघरी असतो, पण सुतार तो कसा कोरतो हे किती पोरांनी पाहिले असेल?

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तकला मेळे भरतात आणि छान भरतात. मांडव उतरला की कारागीर आपल्या गावी, आणि त्याचा मुलगा दुसऱ्या कामाच्या शोधात.

म्हणून मागणी साधी आहे. नागपुरात कारागिरांचे कायमस्वरूपी जिवंत संग्रहालय करा आणि त्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, क्युरेटरबरोबर विणकर, ढिवर, बुरूड, सुतार यांचीही पदे धरा. मानधन नको, पगार द्या. कंत्राटदारामार्फत तर नकोच. प्रत्येकाच्या हाताखाली एक शिकाऊ पोरगा किंवा पोरगी, त्यांनाही विद्यावेतन. निवडताना पदवी विचारू नका, काम करून दाखवायला सांगा.

येत्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत निदान या पदांची तरतूद दिसावी. इमारत मागाहून झाली तरी आमची हरकत नाही.

आपला,
एक नागपूरकर