वटवाघळं हुसकायचीच असतील तर दिवाळीनंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी घरं आणि देवळं शाकारायची गोव्यात एप्रिल-मेमध्ये एकच घाई असते. कौलं परतताना वाशांच्या बेचक्यात पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, दिसल्या की कामगार धूर करतात, नाहीतर संध्याकाळी त्या बाहेर पडल्यावर फटी सिमेंटने लिंपून मोकळे होतात. माझी हरकत या वेळेला आहे. कीटक खाणाऱ्या बऱ्याच वटवाघळांची वीण याच दिवसांत होते. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू, आणि त्याला काही आठवडे उडता येत नाही. फट बुजवली की ते आतच मरतं. मग घरात दुर्गंधी सुटते आणि दोष पुन्हा वटवाघळांनाच!

निपाच्या बातम्यांनी भीती वाढली आहे. पण तो विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांशी निगडित आहे. कौलांखालच्या या पाकोळ्या वेगळ्या. अर्थात कुठलंही वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये, आणि चावलंच तर रेबीजची लस घ्यावी.

आमच्या पडवीत सकाळी तुळईखाली पतंगांचे पंख, नाकतोड्यांच्या तंगड्या, एखाद्या झुरळाचं कवच पडलेलं असतं. मोठ्या कानांचं वटवाघूळ भक्ष्य धरून तिथे येतं, उलटं लटकून खातं आणि नको ते खाली टाकतं. लेंड्या उंदराच्या वाटतात, पण काडीने चुरडल्या तर भुगा होतो आणि त्यात कीटकांच्या कवचाचे तुकडे चकाकतात. 'एका रात्रीत हजारो डास फस्त' हे मोबाईलवर फिरणारं गणित मला ताणलेलं वाटतं. पतंग, भुंगेरे, पंख फुटलेली वाळवी हेही त्यांचं खाणं. थायलंडमध्ये ती भातावरचे तुडतुडे खातात असं संशोधकांना आढळलं आहे. आपल्या सरद, म्हणजे पावसाळी, शेतीला याहून स्वस्त राखण कुठली मिळणार?

आपल्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली बारापेडे गुहा पाहा. 1913 साली शास्त्राला माहीत झालेल्या राउटनच्या वटवाघळाचं ते कित्येक दशकं जगातलं एकमेव ज्ञात ठिकाण होतं. एक गुहा उद्ध्वस्त झाली असती तर काय उरलं असतं?

देवस्थान समित्यांना आणि घरमालकांना विनंती, की वटवाघळं नकोच असतील तर दिवाळीनंतर, पिल्लं उडायला लागल्यावर काम काढा. फटीवर बारीक जाळी वरून ठोकून खालची कड सैल सोडली की ती बाहेर पडतात, परत शिरू शकत नाहीत. चार-सहा रात्रींनी फट बुजवावी. शिखरावरचे झोतदिवेही निदान उत्सव नसताना मध्यरात्रीपर्यंत जाळू नयेत. झाडोऱ्यात हळू उडणाऱ्या जाती उजेड टाळतात, आणि कीटक सर्वाधिक असतात ती तिन्हीसांजेची वेळ त्यांची हुकते.

आपला,
एक वाचक, डिचोली