हुकूमशहाचे प्रांतिक हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील हुकूमशाहीवरचा लेख वाचला. हिटलर आणि स्टालिन यांच्या स्वभावाचे विवेचन त्यात सविस्तर आहे. पण ज्यांच्या हातून त्यांची सत्ता गावोगावी राबवली गेली, त्या प्रांतिक पक्षप्रमुखांचा नामोल्लेखही नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. ठाण्यातील शाळेत इतिहास शिकवताना 'एकट्या माणसाने हे सगळे केले कसे?' असे मुले हमखास विचारत, आणि पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नसे.

नाझी जर्मनीत प्रांताच्या पक्षप्रमुखाला गाउलायटर म्हणत. त्याची नेमणूक हिटलर करी आणि तो हिटलरलाच जबाबदार असे. १९३४ च्या जानेवारीत राज्यांची विधिमंडळे रद्द झाल्यावर त्याला प्रांतात जाब विचारणारे कोणी उरले नाही. तरीही त्याला निव्वळ हुकमाचा ताबेदार म्हणता येत नाही. जर्मनीला जोडलेल्या पोलंडच्या भूभागात, प्रदेश जर्मन करण्याचे उद्दिष्ट एकच असताना, तेथील एका प्रांताचा गाउलायटर फोर्स्टर याने पोलिश रहिवाशांना घाऊक प्रमाणात जर्मन म्हणून नोंदवले. शेजारच्या प्रांताचा गाउलायटर ग्रायझर याने मात्र वंशाची कसून छाननी करून लाखोंना हाकलले. (फोर्स्टर दयाळू होता असे मुळीच नव्हे, १९३९ मध्ये त्याच्याच प्रांतात हजारोंची कत्तल झाली.) वरून आलेल्या आदेशाचा अर्थ लावणे त्यांच्या हातात होते, म्हणून त्याची जबाबदारीही त्यांचीच ठरते. पूर्व प्रशियाचा गाउलायटर एरिक कोख याने १९४५ च्या जानेवारीत सोव्हिएत फौजा चालून येत असताना नागरिकांचे स्थलांतर रोखून धरले, आणि पुढे स्वतः समुद्रमार्गे निसटला.

सोव्हिएत संघातील रियाझान प्रांताचे प्रकरण याहून बोलके आहे. तेथील पक्षसचिव लारिओनोव यांनी १९५९ मध्ये मांसाचा पुरवठा एका वर्षात तिप्पट करण्याचे वचन तेव्हाचे सोव्हिएत सर्वोच्च नेते ख्रुश्चेव यांच्या पसंतीने जाहीर केले. ते पाळण्यासाठी दुभती आणि पैदाशीची गुरे कापली गेली, शेतकऱ्यांची खासगी जनावरे घेतली गेली, शेजारच्या प्रांतांतूनही खरेदी झाली. सचिवांना देशाचा मोठा सन्मान मिळाला. पुढच्या वर्षी गोठे रिकामे झाल्याने पुरवठा कोसळला आणि त्यांनी आत्महत्या केली. ज्याचे पद मतदारांवर नव्हे तर वरिष्ठांच्या मर्जीवर टिकते, त्याला गोठ्यातल्या गुरांपेक्षा कागदावरचा आकडा मोलाचा वाटतो.

लेखाचा पुढचा भाग निघणार असल्यास त्यात या माणसांना स्वतंत्र जागा द्यावी, आणि रियाझानची हकीकत मराठी वाचकांसमोर सविस्तर मांडावी, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, नौपाडा, ठाणे